भाड्याचे घर, मालकाचा बॉयलर

घरातल्या गॅसचे अपघात दोन जातींचे असतात, आणि जबाबदारी कोणाची हे ठरवताना त्यांतला फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. पहिली जात गळतीची. न जळलेला गॅस साठतो, ठिणगी मिळते, स्फोट होतो. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो म्हणून त्यात उग्र वासाची गंधकयुक्त द्रव्ये मुद्दाम मिसळतात. त्यामुळे गळती निदान नाकाला कळते. दुसरी जात अर्धवट जळलेल्या गॅसची. बॉयलरला पुरेशी हवा मिळाली नाही, बर्नरवर काजळी धरली किंवा धूर बाहेर नेणारी नळी, म्हणजे फ्लू, तुंबली वा सांध्यात सुटली, की कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरतो. त्याला रंग नाही, वासही नाही. मिसळलेले वासाचे द्रव्य ज्योतीत जळून गेलेले असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते. माणसाला वाटते कणकण आली; तो खिडक्या लावून, हीटिंग वाढवून पांघरुणात शिरतो. नेमके तेच करायचे नसते.

गळती भाडेकरूला ओळखता येते, कार्बन मोनॉक्साइड येत नाही. शिवाय बॉयलर त्याच्या मालकीचा नाही, तो उघडायचा त्याला अधिकार नाही, आणि बिघडला तर बदलायचा निर्णयही त्याच्या हातात नाही. जीव एकाचा आणि उपकरण दुसऱ्याचे, अशी ही स्थिती. ब्रिटनमधले भाड्याच्या घरांचे गॅसविषयक नियम या असमतोलावर उभे आहेत. माझ्या मते त्यांची तार्किक रचना पक्की आहे. इंग्लंडात त्यांना खरी धार मात्र भलत्याच कायद्यातून मिळाली होती, आणि तो आधार आता काढून घेतला गेला आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी मुलामुलींना किल्ल्यांबरोबर जो कागदांचा गठ्ठा मिळतो, त्यात या साऱ्या प्रकरणाचे एक पान असते. बहुतेकजण ते न वाचताच फाइलला लावतात.

या नियमांमागे एक मोठी दुर्घटना आहे. 16 मे 1968 रोजी पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम भागात रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे गेली. इमारतीत लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. शेगडीच्या जोडणीतला एक पितळी नट निकृष्ट निघाला. स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत ही घटना बांधकामातल्या दोषाचे उदाहरण म्हणून येते आणि ते बरोबरच आहे. पण गॅसची जोडणी कोणी करावी हा प्रश्नही तिनेच ऐरणीवर आणला. 1970 मध्ये गॅस बसवणाऱ्यांच्या नोंदणीसाठी कॉर्गी ही संस्था निघाली. नोंदणी सुरुवातीला ऐच्छिक होती, 1991 पासून सक्तीची झाली. 1 एप्रिल 2009 रोजी ग्रेट ब्रिटनमध्ये कॉर्गीची जागा गॅस सेफ रजिस्टरने घेतली. तरीही घरमालक आणि एजंट वार्षिक तपासणीच्या कागदाला आजही ‘सीपी ट्वेल्व्ह’च म्हणतात. कॉर्गीच्या बारा क्रमांकाच्या नमुन्याचे ते नाव; संस्था गेली, नाव राहिले.

मूळ कायदा म्हणजे 1998 ची गॅस सुरक्षा (उभारणी व वापर) नियमावली. ती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू आहे. उत्तर आयर्लंडची वेगळी आहे. तिच्या 36 व्या नियमात घरमालकाची कर्तव्ये आहेत. वरवर वाचले तर ते एकच कर्तव्य वाटते, वर्षातून एकदा तपासणी. प्रत्यक्षात तिथे दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत, आणि सगळा घोळ ती एक समजल्यामुळे होतो.

पहिले कर्तव्य देखभालीचे. घरमालकाच्या मालकीची गॅसची उपकरणे, त्यांच्या जोडण्या, पाइप आणि फ्लू सदैव अशा अवस्थेत असले पाहिजेत की कोणाला इजा होऊ नये. यातला ‘सदैव’ महत्त्वाचा. दुसरे कर्तव्य तपासणीचे: प्रत्येक उपकरण आणि फ्लू बारा महिन्यांच्या आत एकदा नोंदणीकृत इंजिनियरकडून तपासून घ्यायचा आणि त्याचे नोंदपत्र ठेवायचे. इंजिनियर पाहतो ते असे: फ्लू धूर नीट ओढतो का, जळणाला हवा पुरते का, गॅसचा दाब किंवा उष्णतेचे प्रमाण ठरल्याप्रमाणे आहे का, सुरक्षेची यंत्रणा काम करते का. तपासणी त्या दिवशीची स्थिती सांगते. जानेवारीत ‘सुरक्षित’ असा शेरा मिळालेल्या बॉयलरची ज्योत मार्चमध्ये निळ्याची पिवळी झाली आणि भाडेकरूने तसे कळवले, तर हातात ताजा कागद आहे म्हणून मालक सुटत नाही. पहिले कर्तव्य त्या क्षणीही चालूच असते. तपासणी म्हणजे सर्व्हिसिंगही नव्हे. उपकरण उघडून साफ करणे, झिजलेले भाग बदलणे हे उत्पादकाच्या सूचनांप्रमाणे वेगळे करायचे असते. स्वस्तातली तपासणी उरकून ‘बॉयलरचं झालं सगळं’ म्हणणारे मालक इथे फसतात. भाडेकरूही फसतात, कारण त्यांना तोच कागद दाखवला जातो.

अजून एक फट आहे. वार्षिक तपासणीच्या व्याख्येत उपकरणे आणि फ्लू येतात, भिंतीतून जाणारे पाइप येत नाहीत. पाइप देखभालीच्या कर्तव्यात आहेत, पण ठराविक मुदतीच्या सक्तीत नाहीत. म्हणून आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळ मालकांना सुचवते की इंजिनियर आलाच आहे तर सगळ्या पाइपांची गळती-चाचणीही करून घ्या. ही सूचना आहे, सक्ती नाही. कागदावर पाइपांबद्दलचा रकाना कोरा असेल तर भाडेकरूने विचारायला हरकत नाही.

नोंदपत्रात घराचा पत्ता, मालकाचे किंवा त्याच्या एजंटचे नाव, प्रत्येक उपकरण कोणते आणि कुठे आहे, सापडलेले दोष, केलेली दुरुस्ती, इंजिनियरचे नाव, सही आणि नोंदणी क्रमांक हे सगळे लागते. राहत्या भाडेकरूला तपासणीपासून 28 दिवसांच्या आत प्रत द्यायची. नव्याला तो घरात शिरण्यापूर्वी. मालकाने प्रत्येक नोंदपत्र त्यानंतरच्या दोन तपासण्या होईपर्यंत जपायचे. 6 एप्रिल 2018 पासून एक व्यावहारिक सवलत मिळाली: मुदत संपायच्या आधीच्या दोन महिन्यांत तपासणी केली तरी पुढच्या वर्षीची तारीख जुनीच राहते. पूर्वी लवकर तपासणी करणाऱ्याचे दिवस बुडत, म्हणून सगळे शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबत, आणि त्या आठवड्यात भाडेकरू गावाला गेलेला असला की मुदत हुकत असे. नियम सैल करून शिस्त वाढल्याचे हे दुर्मिळ उदाहरण.

जबाबदारी करारातून भाडेकरूवर ढकलता येते का? नाही. भाडेकरूने काही केले किंवा करायचे कबूल केले म्हणून मालकाचे देखभालीचे कर्तव्य पार पडले असे धरू नये, असे 36 वा नियम स्पष्ट सांगतो. अपवाद फक्त घरात येऊ देण्याचा. एजंट नेमता येतो, पण एजंटने हयगय केली तर ‘मी त्याच्यावर सोपवलं होतं’ एवढे उत्तर पुरत नाही. भाडेकरू दारच उघडत नसेल तर मालकाने सर्व वाजवी प्रयत्न केल्याचे दाखवावे लागते. निदान तीन वेळा प्रयत्न आणि लेखी पत्रे, असा मंडळाचा सल्ला आहे. जबरदस्तीने आत शिरायची मुभा यातून मिळत नाही.

मालकाची व्याख्याही ऐसपैस आहे. सात वर्षांपेक्षा कमी मुदतीचा भाडेपट्टा देणारा तर तिच्यात येतोच, राहत्या घरातली एखादी खोली भाड्याने देणाराही येतो. लेस्टर किंवा हॅरोमध्ये घर घेऊन वरची खोली गावाकडून आलेल्या विद्यार्थ्याला भाड्याने देणारे काका कायद्याच्या भाषेत पूर्ण घरमालक असतात. ‘घरचाच मुलगा आहे, त्याला कसला कागद द्यायचा’ हे वाक्य तिथे चालत नाही. स्वतः भाडेकरू असून एक खोली मित्राला पोटभाड्याने देणाऱ्या विद्यार्थ्यावरही हीच कर्तव्ये येऊ शकतात, मूळ मालकाच्या जोडीने. भाडेकरूने स्वतः आणलेली, जाताना घेऊन जायची शेगडी मात्र मालकाच्या तपासणीत येत नाही.

आता 30 वा नियम. तो महाराष्ट्रात मुद्दाम वाचावा असा आहे. न्हाणीघरात गॅसचे उपकरण बसवायचेच असेल तर ते बंदिस्त प्रकारचे हवे: जळणाची हवा बाहेरून घेणारे आणि धूर बाहेरच सोडणारे, खोलीतल्या हवेशी काही संबंध नसलेले. झोपायच्या खोलीत 14 किलोवॉटवरच्या उपकरणाला हीच अट आहे. त्याखालच्याला बंदिस्तपणा किंवा धोका होण्याआधी आपोआप बंद पडण्याची सोय, यांपैकी एक हवे. असे निषिद्ध उपकरण भाडेकरूच्या झोपायच्या खोलीत राहणार नाही हे पाहणे मालकाकडे. आपल्याकडे सिलिंडरवर चालणारा, खोलीतलीच हवा ओढणारा गीझर बाथरूमच्या भिंतीवर असतो, आणि थंडीत वरचा झरोका लोक जुन्या कापडाने बुजवतात. अशा बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. घर भाड्याचे असेल तर तो गीझर बहुधा मालकानेच बसवलेला असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मध्ये कलम 14 दुरुस्तीची सर्वसाधारण जबाबदारी मालकावर टाकते; गॅसच्या उपकरणांची वार्षिक तपासणी त्यात कुठेच नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या छापील करारात पंखे, ट्यूबलाइट आणि गीझर मोजून लिहिलेले असतात, पण ते परत देताना तुटलेले नसावेत म्हणून. जोखीम कोणाची, यावर करार गप्प असतो. गॅस कंपनीचा माणूस येऊन रबरी नळीची मुदत पाहतो, ती पाच वर्षांनी बदला म्हणतो. गीझरचा धूर कुठे जातो हे पाहणे त्याच्या कामात बसत नाही.

इंग्लंडात कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची सक्तीही उशिराच आली. 2015 चा नियम फक्त कोळसा-लाकडासारख्या घन इंधनापुरता होता. 1 ऑक्टोबर 2022 पासून राहत्या वापराच्या ज्या खोलीत गॅस बॉयलरसारखे स्थिर ज्वलन-उपकरण आहे तिथे अलार्म लागतो. गॅसची शेगडी त्यातून वगळलेली आहे, आणि हा अपवाद मला पटत नाही. थंडीत ओव्हनचे दार उघडे ठेवून स्वयंपाकघर ऊबदार करणारी माणसे असतात.

राहिला अंमलबजावणीचा प्रश्न. नियम मोडणे हा फौजदारी गुन्हा आहे. 1974 च्या कामगार आरोग्य व सुरक्षा कायद्याखाली अमर्याद दंड आणि कैद होऊ शकते. पण खटला बहुधा काही घडल्यावर किंवा तक्रार झाल्यावरच उभा राहतो. लाखो घरांत कागद वेळेवर गेला की नाही हे पाहायला निरीक्षक कुठून आणणार? ती उणीव 1 ऑक्टोबर 2015 पासून आडवाटेने भरली गेली. इंग्लंडात मालकाला कारण न देता घर रिकामे करून घेण्याची सोय 1988 च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम 21 मध्ये होती. नव्या नियमाने ती गॅसच्या नोंदपत्राशी बांधली: भाडेकरूला कागद दिलेला नसेल तर कलम 21 ची नोटीस बाद.

परिणाम ताबडतोब दिसला. दंडाला न घाबरणारा मालक घर अडकण्याला घाबरतो. 2018 मध्ये कॅरिडॉन विरुद्ध शूल्त्झ खटल्यात लंडनच्या काउंटी कोर्टात असे ठरले की भाडेकरू घरात शिरण्यापूर्वी कागद दिला नसेल तर ती चूक नंतर सुधारताच येत नाही. म्हणजे एका पानाच्या विसरण्यामुळे कलम 21 कायमचे गेले. मालकवर्गात खळबळ माजली. जून 2020 मध्ये ट्रेकॅरेल हाउस विरुद्ध राउन्सफील्ड खटल्यात अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ते मोडले: कागद उशिरा दिला तरी चालेल, नोटिशीपूर्वी दिलेला असला म्हणजे झाले. बहुमताचा निकाल व्यवहाराला धरून आहे, पण सुरक्षेच्या बाजूने पाहिले तर भिन्न मताकडे माझा कल जातो. घरात शिरण्यापूर्वी कागद देण्याचा हेतूच हा की माणसाने राहायला जाण्याआधी उपकरण तपासलेले असावे. वर्षभर त्या बॉयलरशेजारी झोपून झाल्यावर मिळालेला कागद नोटिशीच्या कामाचा असेल, फुफ्फुसांच्या नव्हे.

ही चर्चा आता इतिहासजमा होते आहे. 27 ऑक्टोबर 2025 रोजी राजमान्यता मिळालेल्या भाडेकरू हक्क कायद्याने कलम 21 च रद्द ठरवले. खासगी भाड्याच्या घरांसाठी त्याची तारीख 1 मे 2026. विनाकारण घराबाहेर काढले जाण्याची टांगती तलवार गेली, हा भाडेकरूंचा मोठा लाभ. पण कलमाबरोबर त्याला बांधलेली गॅसच्या कागदाची अटही निकामी होते. 36 वा नियम जागच्या जागी आहे, गुन्हाही गुन्हाच आहे. प्रत्येक मालकाला आपणहून कागद जपायला लावणारा स्वार्थ तेवढा गेला. नव्या कायद्यात घरमालकांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. चालू वर्षाचे नोंदपत्र चढवल्याखेरीज तिथे घराची नोंदच होऊ नये, अशी अट घातली गेली तर ती पोकळी बरीचशी भरेल. ती नसेल तर भार पुन्हा आरोग्य व सुरक्षा मंडळावर आणि स्थानिक कौन्सिलांवर, म्हणजे व्यवहारात भाडेकरूच्या तक्रारीवर येतो. आणि तक्रार करण्यासाठी काय बिघडले आहे हे आधी भाडेकरूला कळावे लागते.