माश्यांची बेगमी

आमच्या करंज्यात बेगमी म्हटलं की सुकी मासळी. मे महिन्यात वाळत घातलेले बोंबील, डब्यात भरून ठेवलेला जवळा, सोडे... कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, आणि बंदी नसती तरी त्या दिवसांत दर्या कुणाला उभं करतो? त्यामुळे बेगमी या शब्दाचा अर्थ इथे कुणाला सांगावा लागत नाही.

पण आज लिहितेय ती माशांच्या नव्हे, माश्यांच्या बेगमीबद्दल. मधमाश्यांच्या! पेटीतल्या माश्यांना साखरेचा पाक पाजतात, हे ऐकल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे मध खोटाच की!" तसं नाही. आणि का नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

युरोपात पूर्वी माश्या गवताच्या वेणीच्या टोपल्यांत पाळत. मध काढायचा तर पोळं कापायला हवं, त्यात माश्या आडव्या येणार. मग शरद ऋतूत खड्ड्यात गंधक पेटवायचं, वर टोपली ठेवायची, माश्या मेल्या की मध काढायचा. सगळ्यात जड टोपल्या मधासाठी मारत, आणि सगळ्यात हलक्या "तशाही हिवाळ्यात उपाशी मरतील" म्हणून. मधल्या वजनाच्या तेवढ्या जगत. थोडक्यात, माशीच्या भुकेची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

1851 मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने हे चित्र पालटलं. चौकटींमध्ये साधारण पाऊण-एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडली तर माश्या तिथे मेण भरत नाहीत, ये-जा करायला ठेवतात, हे त्याने हेरलं आणि उचलून काढता येतील अशा चौकटींची पेटी बनवली. 1865 मध्ये चौकट गरगर फिरवून मध बाहेर काढायचं यंत्र आलं. आता माशी न मारता मध मिळू लागला. पण त्याबरोबर एक नवी गोष्टही आली. भरलेलं कोठार रिकामं करून मालकिणीला जिवंत ठेवायचं, तर तिच्या जेवणाचं काय? थंड मुलखात हिवाळा काढायला एका वसाहतीला 15 ते 20 किलो मध लागतो.

उत्तर होतं साखर. 1747 मध्ये बर्लिनच्या मार्गग्राफने बीटातून साखर काढून दाखवली होती, पुढे नेपोलियनने बीटाची लागवड वाढवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे साखर स्वस्त झाली आणि पाक देणं परवडू लागलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये माणसांना साखर रेशनवर मिळत होती, तेव्हासुद्धा मधपाळांना माश्यांसाठी वेगळा वाटा मंजूर होत असे. गंमत बघा, 'शर्करा' हा शब्द आपल्याकडून अरबांमार्फत तिकडे गेला, आणि माशीला शर्करा पाजायची रीत तिकडून पेटीबरोबर इकडे आली.

आपल्याकडे 1910 च्या दशकात तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी आपल्या सातेरी माशीच्या मापाची छोटी पेटी बनवली. 1934 मध्ये वर्ध्याला गांधीजींचा ग्रामोद्योग संघ निघाला, त्यानेही मधमाशीपालन हाती घेतलं. पुढे महाबळेश्वर हे आपल्याकडच्या मधाचं माहेर झालं. 1962 मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि 2022 मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं.

पण युरोपातलं पुस्तक इथे जसंच्या तसं चालत नाही. तिकडचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा! सह्याद्रीत जांभूळ, हिरडा फुलतो तो उन्हाळ्यात. मध काढायचा मेअखेरपर्यंत, आणि जूनमध्ये लगेच पाऊस. चार महिने फूल कमी, उडायला उसंत नाही. दुसरा फरक माशीच्या स्वभावात. तिकडची माशी उपाशी राहिली तर बहुधा पेटीतच मरते. आपली सातेरी मानी. खायला नसेल तर ती एक दिवस राणीसकट घर सोडून जाते आणि पेटी रिकामी!

म्हणून पाक. घरच्या बायकांना आधीच सांगते, यात एकतारी-दोनतारी काही नाही. पावसाळ्यात साखर आणि पाणी समसमान, पाणी गरम करून खाली उतरवायचं आणि साखर विरघळवायची, उकळत ठेवायचं नाही. गूळ नको, त्यातल्या मळीने माश्यांचं पोट बिघडतं. सातेरीच्या एका पेटीला आठवड्याला साधारण 200 ग्रॅम साखर पुरते. पाक गार करून संध्याकाळी, सगळ्या पेट्यांना एकाच वेळी द्यायचा, नाहीतर दांडग्या वसाहती दुबळ्यांकडे लूट करायला जातात. भांड्यात गवताच्या काड्या टाकायच्या, म्हणजे माश्या बुडत नाहीत. आणि मुख्य नियम : विकायचा मध पेटीत साठत असताना पाक द्यायचा नाही.

माझ्या मते सगळी नीती या शेवटच्या नियमात आहे. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 13 ब्रँडचे मध तपासून घेतले. जर्मनीतल्या प्रयोगशाळेतल्या एनएमआर चाचणीत त्यातले फक्त 3 उतरले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचं संस्थेचं म्हणणं होतं, कंपन्यांनी ते नाकारलं. तेव्हापासून 'पाक' म्हटलं की लोक दचकतात, आणि त्यात पावसाळ्यात इमानाने पेट्या सांभाळणारा शेतकरीही भरडला जातो.

खरं तर पाक दोन प्रकारचा. एक बाटलीत जातो, तो गिऱ्हाईकाला फसवायला. दुसरा जूनच्या संध्याकाळी पेटीत जातो, तो उन्हाळ्यात घेतलेलं थोडं तरी परत करायला. वाण्याकडची साखर तीच, फरक फक्त ती कुणाच्या तोंडी लागते याचा. तेव्हा पुढच्या वेळी मध घेताना "साखर घालता का?" एवढंच विचारू नका. "कधी घालता?" असं विचारा. खरा मधपाळ या प्रश्नावर रागावणार नाही, उलट बसायला पाट देईल.