संवाद सहायक ते एक एकर

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर थोड्याच वेळात तामलवाडी लागते. भवानीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना ती टोलनाक्यामुळे लक्षात राहते. ते माझं गाव. माझा जन्म किल्लारीच्या भूकंपानंतर चार वर्षांनी झाला, त्यामुळे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मला फक्त ऐकून माहीत आहे. सांगणारे बहुतेक दोन आकडे सांगतात. सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि ५२ गावं नव्या जागी वसवली. मला त्यानंतर निर्माण झालेलं एक छोटं पद जास्त महत्त्वाचं वाटतं.

नव्या गावांचे फोटो छापून आले. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत कितीतरी जास्त गावांतली घरं पडली नव्हती, तडकली होती. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, भूकंपात जीवघेणा. हादरा बसला की भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना सोडतात आणि सगळं ओझं झोपलेल्यांवर येतं. त्यावरचे उपाय होते: भिंतीत आरपार दगड घालायचे, कोपरे सांधायचे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या योजनेत हे दुरुस्तीचं काम घरमालकानं स्वतः करून घ्यायचं होतं आणि पैसे हप्त्यांनी मिळायचे. इंजिनिअर येऊन माप घेऊन जायचा. तो गेल्यावर घरात कोण काय समजावणार?

प्रेमा गोपालन आणि त्यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेनं इथे बायकांना पुढे आणलं. ग्रामपंचायतीनं गावातली बाई ‘संवाद सहायक’ म्हणून नेमायची, आणि तिनं घरोघरी योजना पोचवायची. सुमारे १३०० गावांत हे काम झालं. सक्षमीकरणावर व्याख्यानं तेव्हाही झाली असतील, पण या बायकांच्या हातात आलं ते व्यवहाराचं ज्ञान: सिमेंट किती लागेल, पाणी किती दिवस मारायचं, पुढचा हप्ता का अडकला. गावातल्या पुरुषाला स्वतःच्या घराविषयी दुसऱ्याच्या सुनेला विचारावं लागणं, ही १९९५ च्या सुमारास आमच्या भागात साधी गोष्ट नव्हती. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात जुनी सिस्टीम ज्याला कळते त्याला सहसा कुणी हलवत नाही. तसलंच हे. २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा मराठवाड्यातल्या अशा बायका तिथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या.

आमच्याच तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या वाटेनं पुढे आल्या. लहान वयात लग्न, तरुणपणीच वैधव्य, पदरी दोन मुलं. बचतगटाच्या निमित्तानं घराबाहेर पडल्या आणि पुढे गावोगावच्या गटांचं संघटन करू लागल्या. त्यांच्यावर आता इंग्रजीत चित्रकथाही निघाली आहे. मला स्वतःला त्या चित्रकथेपेक्षा त्यांनी पसरवलेली शेतीची रीत जास्त धाडसाची वाटते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच दुष्काळाच्या वर्षांत ही रीत जोर धरत गेली. बाईनं घरच्यांकडून अर्धा किंवा एक एकर मागून घ्यायचा. त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं. सोयाबीन-उसाऐवजी ज्वारी, डाळी, भाजीपाला, तोही कमी पाण्यावर आणि रासायनिक खताविना. आधी घराचं पोट, उरलं तर बाजार.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं त्याआधीच ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहीम काढली होती. तीत नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करायची होती. तिथे मागणी थेट सातबाऱ्याची होती. एका एकराच्या या रीतीत सातबाऱ्याला हात लागत नाही. जमीन ज्याची त्याचीच राहते, फक्त पेरणीचा निर्णय बाईकडे येतो. ही तडजोड आहे, आणि ती हुशारीची आहे असं माझं मत. नाव मागितलं असतं तर बऱ्याच घरांत बोलणंच थांबलं असतं. पण नवरा गेला किंवा वाटणी निघाली, की निर्णय घेणारीला कागदावर काहीच आधार नसतो. पीक कर्ज मागायला गेलं तरी आधी कागदच विचारतात.

आमच्या सातबाऱ्यावर अजून वडिलांचं आणि काकांचंच नाव आहे. विहिरीलगतच्या तुकड्यात काय पेरायचं ते मात्र गेली काही वर्षं आई ठरवते. दिवाळीला गेले तेव्हा मी तिला नावाचं विचारलं. ती म्हणाली, “तुझं पण घालायचं का?” आणि वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.