काचेपलीकडचे आईवडील

साथीच्या काळात आप्तांची भेट कायद्याने रोखण्याची प्रथा सुमारे साडेसहाशे वर्षांची आहे. एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुसा नगरराज्याने, म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रॉव्हनिकने, १३७७ साली एक निर्बंध संमत केला. प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांनी नगरात पाऊल ठेवण्यापूर्वी एक महिना बाहेर काढावा, असे त्यात ठरले. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि इटालियन भाषेतील चाळीस या आकड्यावरून ‘क्वारंटाईन’ हा शब्द रूढ झाला. या निर्बंधाची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. नगरातील कोणीही तेथे भेटावयास जाऊ नये, गेल्यास त्यानेही महिनाभर तेथेच राहावे. आणि नगरसभेने नेमलेल्या माणसांखेरीज इतरांनी अन्नदेखील नेऊ नये, असेही त्यात होते. शुश्रूषा करणारा कोण आणि केवळ भेटावयास येणारा कोण, हा भेद अशा रीतीने त्या पहिल्याच कायद्याने केला.

आपल्याकडे मुंबई व पुण्यातील प्लेगच्या वेळी हाच प्रश्न उभा राहिला. फेब्रुवारी १८९७ मध्ये संमत झालेल्या साथरोग कायद्याने रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. घरच्या माणसाला इस्पितळात नेले की तो दृष्टीआड झाला, या भयाने कित्येकांनी आजारी माणसे दडवून ठेवली. याच साथीत दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करीत असताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. तो १८९७ चा कायदा २०२० साली करोनाच्या साथीत पुन्हा उपयोगात आणला गेला.

या नव्या साथीचा सर्वांत कठोर प्रहार शुश्रूषागृहांतील वृद्धांवर झाला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, कर्कलंड येथील एका शुश्रूषागृहात फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस रोगाचा उद्रेक झाला आणि खिडकीच्या काचेबाहेर उभे राहून आईशी दूरध्वनीवर बोलणाऱ्या मुलामुलींची छायाचित्रे जगाने पाहिली. १३ मार्च रोजी अमेरिकेत, तर २० मार्चपासून नेदरलँड्समध्ये अशा गृहांतील भेटी बंद झाल्या. मरणासन्न रुग्णांचा काय तो अपवाद.

ज्यांची मुले परदेशी होती त्यांच्या वाट्याला आणखी एक भिंत आली. भारताने मार्च २०२० मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा स्थगित केली. ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. मधल्या काळात विशेष विमाने सुटली. त्यांतून उतरणाऱ्याने, मे २०२० च्या नियमांनुसार, सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक विलगीकरणात आणि पुढील सात दिवस घरी काढावयाचे होते. कुटुंबातील मृत्यू किंवा गंभीर आजार असल्यास चौदाही दिवस घरीच राहण्याची मुभा मिळू शके. ऑस्ट्रेलियाने तर मार्च २०२० पासून १ नोव्हेंबर २०२१ पर्यंत आपल्या नागरिकांनाही विनापरवाना देशाबाहेर जाऊ दिले नाही. आखाती देशांत, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली आपली मुले आणि गावी वा वृद्धाश्रमात राहिलेले आईबाप यांच्यातील अंतर एरवी एका रात्रीच्या प्रवासाचे होते. ते आता दिवसांनी आणि दाखल्यांनी मोजावे लागले.

बंदी निष्कारण नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पहिल्या लाटेत कॅनडात दगावलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के माणसे शुश्रूषागृहांतील होती. परंतु आप्तांसाठी दारे मिटल्यावरही रोग आत आलाच. एकाहून अधिक गृहांत काम करणाऱ्या सेवकवर्गाबरोबरही तो आला. ऑन्टारियो प्रांतात मदतीसाठी पाठविलेल्या सैनिकी पथकांनी मे २०२० मध्ये जो अहवाल दिला, त्यात रहिवाशांच्या अन्नपाण्याची व स्वच्छतेची हेळसांड नोंदविलेली आहे. रोज दुपारी येऊन आईला चार घास भरविणारी लेक ही पाहुणी नव्हती. तिच्या येण्यावर त्या घराचा व्यवहार काही अंशी उभा होता. ती थांबली तेव्हा ते उघडे पडले.

यातून धोरण हळूहळू बदलले. नेदरलँड्सने ११ मे २०२० पासून सव्वीस गृहांत एका ठरावीक आप्ताला प्रवेश देऊन पाहिला. त्या सुरुवातीच्या आठवड्यांत या भेटींमुळे संसर्ग पसरल्याचे आढळले नाही. ऑन्टारियोने सप्टेंबर २०२० मध्ये ‘पाहुणा’ आणि ‘शुश्रूषक’ असे दोन वर्ग केले आणि प्रत्येक रहिवाशाला दोन शुश्रूषक निवडू दिले. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून असा नियम लागू झाला की, अपवादात्मक परिस्थिती वगळता शुश्रूषागृहातील रहिवाशाला भेट नाकारता येणार नाही.

रागुसाच्या नगरसभेने शुश्रूषक नेमण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला होता. ऑन्टारियोने तो अंथरुणावरील वृद्धाकडे दिला. आपल्याकडे आईवडिलांच्या पालनपोषणासाठी २००७ चा कायदा आहे. तो मुलांना त्यांच्या कर्तव्याची आठवण करून देतो. परंतु कर्तव्य बजावण्यास आलेल्या मुलाला संकटकाळी दारातून आत घ्यावयाचे की नाही, आणि घ्यावयाचे तर कोणत्या काळजीने, याचा नियम प्रत्येक वृद्धाश्रमाने साथ नसताना, शांतपणे लिहून ठेवणे अगत्याचे आहे. आईवडिलांना तेथे ठेवताना मुलांनीही तो विचारून घ्यावा.