काळं पाणी, निळं पाणी

समुद्रावर सुट्टी घालवण्याचे बेत आमच्या घरी दिवाळीच्या फराळासारखे दरवर्षी होतात. फरक इतकाच, की फराळ संपतो आणि बेत शिल्लक राहतात. आजवर त्यांची धाव गणपतीपुळ्यापर्यंत होती. यंदा मात्र कन्येने एकदम तुर्कस्तान काढला. "बाबा, बोडरुम!" मला वाटलं, ही खोल्यांविषयी बोलते आहे. पण बोडरुम हे तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं गाव निघालं.

मग कामांची वाटणी झाली. लिराचा भाव चिरंजीवांकडे. खाण्यापिण्याची चौकशी हिच्याकडे. तिकडे दिवसभर चहा पितात पण बिनदुधाचा, हे कळल्यावर हिचा निम्मा उत्साह तिथेच ओसरला. इतिहासाची बाजू माझ्याकडे आली. वास्तविक मी बी.कॉम.; इतिहासाचा आणि माझा घटस्फोट दहावीलाच झालेला. पण बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड असते. खातं कोणाचंही असो, आधी मागचे व्यवहार पाहायचे.

बोडरुमचं खातं फार जुनं. मूळ नाव हॅलिकार्नासस. इतिहासाचा जनक म्हणतात तो हेरोडोटस इथलाच, जन्म इ.स.पू. ४८४च्या सुमाराचा. पुढे इराणी बादशहाच्या वतीने मौसोलस नावाचा सुभेदार इथे राज्य करीत होता. तो इ.स.पू. ३५३ मध्ये वारला आणि कारभार पत्नी आर्टेमिसियाकडे आला. ती त्याची बहीणही होती. नॉमिनीच्या फॉर्मवर 'नाते' या रकान्यात काय लिहिलं असेल, या विचाराने माझी एक रात्र गेली! मौसोलसचं थडगं इतकं भव्य, की ते जगातल्या सात आश्चर्यांत जमा झालं आणि मोठ्या थडग्याला 'मॉसोलियम' हा शब्दच रूढ झाला. भूकंपांनी ते ढासळलं. पंधराव्या शतकात आलेल्या ख्रिस्ती सरदारांनी त्याचे दगड नेऊन किल्ला बांधला. उरल्यासुरल्या मूर्ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी लंडनला नेल्या. म्हणजे मुद्दल गेलं, व्याज गेलं, पासबुकावर नाव तेवढं राहिलं.

इथवर ठीक होतं. पण विसाव्या शतकातल्या एका नोंदीपाशी मी अडकलो. जेवात शाकिर हा एका पाशाचा मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला. वडिलांच्या हत्येबद्दल शिक्षा होऊन तो काही वर्षं तुरुंगातही राहिला होता. सुटल्यावर इस्तंबूलला चित्रं काढून आणि लेख लिहून पोट भरत होता. १९२५ साली त्याने सैन्यातून पळालेल्या शिपायांना चौकशीविना फासावर चढवल्याबद्दल लेख लिहिला. लेख सरकारला झोंबला. खास न्यायालयाने निकाल दिला: तीन वर्षं हद्दपारी, मुक्काम बोडरुम.

आमच्या भाषेत याला शिक्षेची बदली म्हणतात. साहेबांशी वाद घातला म्हणून आमच्यातल्या एकाला असंच कोकणातल्या एका शाखेत धाडलं होतं. त्याच्या खिडकीतून जो समुद्र दिसे, तो पाहायला मे महिन्यात मुंबईचे लोक खोलीभाडं मोजून येत. आणि हा गृहस्थ तो फुकट पाहत हेड ऑफिसला अर्जावर अर्ज खरडत बसे! तसा समुद्रकाठचा वनवास आपल्या ओळखीचाच. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. तो १९१६ साली तिथेच वारला, आणि आज त्याचा राजवाडा आपण सुट्टीत पोराबाळांना दाखवतो.

जेवात शाकिरने मात्र अर्ज केला नाही. किल्ल्याचा पूर्वी तुरुंग होता; याला तिथे न कोंडता गावात राहू दिलं गेलं. समुद्र पाहून हा पठ्ठ्या हरखलाच. स्पंज काढणारे पाणबुडे आणि कोळी यांच्यात तो मिसळला. दीड वर्षाने सरकारने दया दाखवून उरलेली शिक्षा इस्तंबूलमध्ये भोगायची सवलत दिली. ती मुदत संपताच तो स्वखर्चाने बोडरुमला परत गेला! शिक्षेच्या ठिकाणी आपणहून पुन्हा हजर होणारा कर्मचारी मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. तिथे त्याने मासे पकडले, झाडं लावली, कोळ्यांच्या कथा लिहिल्या आणि नाव घेतलं 'हॅलिकार्नाससचा कोळी'. १९६१ साली आलेल्या आठवणींच्या पुस्तकाला त्याने नाव दिलं 'निळी हद्दपारी'.

या माणसाने चाळिशीच्या दशकात इस्तंबूलच्या लेखक मित्रांना स्पंजवाल्यांच्या साध्या बोटींतून किनारा दाखवायला सुरुवात केली. त्या भटकंतीचं नाव पडलं 'निळा प्रवास'. तोच आज जाहिरातीत तारांकित होऊन येतो: वातानुकूलित केबिन, तीन वेळचं जेवण. १९७३ साली तो वारला. त्याला बोडरुमलाच पुरलं. १९९७ मध्ये जवळ विमानतळ झाला. ज्या गावी माणसाला जगापासून तोडायला पाठवलं, तिथे जगच सामान घेऊन उतरू लागलं.

जमेची बाजू झाली. खर्चाचीही मांडायला हवी. ज्यांच्या बोटींतून हे सगळं सुरू झालं, त्या पाणबुड्यांचा धंदा कृत्रिम स्पंजाने आणि १९८६ मध्ये समुद्रात पसरलेल्या स्पंजांच्या रोगाने बुडवला. डोंगरउतारांवर बंगले चढले. किल्ल्यात आता पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे. पूर्वी आत जायला गुन्हा करावा लागे, आता तिकीट काढावं लागतं.

हे सारं मी घरी सांगितलं तेव्हा कन्या म्हणाली, "मग जायचं की नाही?" जायचं तर खरंच. पण गाव चांगलं म्हणून त्याला माणूस मिळाला, की माणूस मिळाला म्हणून गाव चांगलं झालं, हा हिशेब काही मला जुळवता आला नाही. एवढं मात्र दिसतं, की १९२५ साली एकट्याला ठोठावलेली शिक्षा आज अख्खं जग हौसेने आणि हप्त्याहप्त्याने भोगतं आहे. सात रात्री, आठ दिवस, न्याहारीसह. दंड तेवढा आगाऊ भरावा लागतो.