क्रॉसबाइट म्हणजे काय? खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर येत असतील तर उपचार कोणते, आणि कोणत्या वयात?

स्टीलच्या डब्याचं झाकण डब्यावर बाहेरून बसतं. दातांचंही तसंच आहे. वरची रांग किंचित मोठी असते आणि ती खालच्या रांगेला बाहेरून झाकते. हे झाकण कुठेतरी आत बसलं, म्हणजे वरचा एखादा दात किंवा दाढ खालच्या दातांच्या आतल्या बाजूला आली, की त्याला क्रॉसबाइट म्हणतात. तो पुढच्या दातांत असू शकतो किंवा दाढांमध्ये, एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना.

आपल्याकडे यावरचा पहिला सल्ला ठरलेला असतो: "दुधाचे दात आहेत, पडतील आणि सरळ येतील." वेड्यावाकड्या दातांच्या बाबतीत तो कधीकधी खरा ठरतो. क्रॉसबाइट मात्र क्वचितच आपोआप सुटतो, आणि त्याच्या उपचारात वयाला फार महत्त्व आहे.

घरी कसं ओळखायचं?

मुलाला आवंढा गिळून मागच्या दाढा एकमेकींवर टेकवायला सांगा. मग ओठ आणि गाल बोटाने बाजूला करून बघा. तोंड उघडं असताना हनुवटी मध्यावर आहे, पण दात मिटताच ती एका बाजूला सरकते, असं दिसलं तर लक्ष द्या. वरचा जबडा अरुंद असल्यामुळे दाढा नीट बसत नाहीत, म्हणून मूल खालचा जबडा बाजूला सरकवून चावतं. वाढीच्या वयात ही सवय वर्षानुवर्षं राहिली तर जबड्याची वाढ दोन्ही बाजूंना सारखी न होण्याचा धोका असतो. पुढच्या दातांच्या क्रॉसबाइटमध्ये दातांची झीज होते आणि खालच्या दाताची हिरडी खाली सरकू शकते.

कारणं अनेक आहेत. दुधाचा दात वेळेत पडला नाही तर कायमचा दात त्याच्या मागून येतो. बरीच वर्षं अंगठा चोखणं, नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथी वाढल्यामुळे तोंडाने श्वास घेणं, दुभंगलेली टाळू ही आणखी काही कारणं. काही घरांत खालचा जबडा पुढे असण्याची ठेवण पिढ्यान् पिढ्या येते.

दाताचा दोष की हाडाचा?

सगळा उपचार या एका प्रश्नावर ठरतो. एखादाच दात आत वळला असेल तर काम सोपं असतं. स्प्रिंग बसवलेली काढ-घाल करायची प्लेट किंवा मोजक्या दातांना लावलेल्या तारा, यांनी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो पुढे येतो. जागा मात्र हवी, म्हणून अडून बसलेला दुधाचा दात आधी काढावा लागतो.

वरचा जबडाच अरुंद असेल तर तो रुंद करावा लागतो. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण टाळूचं हाड मुळात दोन भागांचं असतं आणि मधला सांधा लहानपणी पक्का जुळलेला नसतो. त्याचा फायदा घेण्याची कल्पना जुनी आहे; अमेरिकेतल्या इमर्सन एंजेल यांनी १८६० मध्ये स्क्रूने जबडा रुंद केल्याचं लिहून ठेवलं होतं. आजचा एक्सपांडर दाढांना चिकटवलेला असतो आणि मधला स्क्रू पालक घरीच छोट्या किल्लीने फिरवतात. एका वेळी पाव वळसा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. काही दिवसांत पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते आणि घरात घबराट होते. खरं तर सांधा उघडल्याची ती खूण आहे; फट पुढे बहुतेक वेळा आपोआप कमी होते. रुंदी मिळाल्यावरही उपकरण काही महिने तोंडातच ठेवतात, कारण मधल्या जागेत नवं हाड भरायचं असतं. लहान मुलांत क्वाड हेलिक्स नावाचं, हळू दाब देणारं तारेचं उपकरणही वापरतात. ते दाढांना बसवलेलं असल्याने मूल प्लेट घालतं की दप्तरात ठेवतं, हा प्रश्नच उरत नाही.

वरचा जबडा मागे राहिल्यामुळे पुढचे दात उलटे बसत असतील तर फेसमास्क देतात. कपाळ आणि हनुवटीचा आधार घेऊन रबरांनी जबडा पुढे ओढणारं हे साधन दिवसाचे बारा-चौदा तास लावावं लागतं. दहाव्या वर्षाच्या आत त्याचा उपयोग जास्त होतो. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा असं सांगते, ते अशाच कारणांसाठी.

वय उलटून गेलं असेल तर?

टाळूचा सांधा पौगंडावस्थेच्या अखेरीस घट्ट होत जातो. मग नुसता दाढांवरचा एक्सपांडर हाडापेक्षा दातच बाहेर कलवू लागतो. अशा वेळी टाळूच्या हाडात छोटे स्क्रू बसवून त्यावर एक्सपांडर लावतात, किंवा शस्त्रक्रियेने सांधा सैल करतात. दोष फक्त दातांचा असेल तर ब्रेसेस आणि आडवे रबर, सौम्य असेल तर अलायनर पुरतात. जबड्यांमध्येच मोठा फरक असेल तर वाढ थांबल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया, आणि तिच्या आधी व नंतर ब्रेसेस. मोठ्यांमधला प्रत्येक क्रॉसबाइट दुरुस्त करायलाच हवा असंही नाही. एकच दाढ उलटी आहे, झीज नाही, हिरडी शाबूत आहे, चावताना त्रास नाही, तर फक्त लक्ष ठेवणं हाही योग्य निर्णय असू शकतो.

लोअर परळच्या ऑफिसगर्दीत अलायनरच्या जाहिराती भरपूर दिसतात. हाडाचा दोष प्लास्टिकच्या साच्याने सुटत नाही, हे त्यात बारीक अक्षरांतही नसतं. आधी ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेल्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी आणि एक्स-रे करून घ्या.

खासगी खर्च झेपत नसेल तर लोअर परळहून दोन स्टेशनांवर, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. करी रोडहून गाडी पकडलीत तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे एमडीएस करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खर्च खासगीपेक्षा बराच कमी, पण थांबावं लागतं आणि फेऱ्या होतात. पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या: दोष दाताचा आहे की हाडाचा, उपचार आत्ता करायचा की थांबून, आणि नंतर रिटेनर किती काळ लावायचा.