वारस आणि वहिवाटदार

मृत्युपत्र न करता मनुष्य गेला की दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. मिळकत कोणाची, हा पहिला. आणि वाटणी होईपर्यंत ती सांभाळायची कोणी, हा दुसरा. पहिल्यावर आपल्या धर्मशास्त्रकारांनी विपुल लिहिले. दुसरा त्यांना तितकासा पडला नाही. मिताक्षरेच्या एकत्र कुटुंबात कर्ता गेला तरी त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुष सहदायादांकडे आपसूक जाई, आणि वडीलकीने पुढचा पुरुष कारभार हाती घेई. मालकी आणि कारभार एकाच घरात, बहुधा एकाच हाती नांदत. मागे कोणीच न उरलेल्याची जमीन 'गतकूल' ठरून गावाकडे जाई.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. नव्या सत्तेच्या कायद्यात मृताच्या मिळकतीचा व्यवस्थापक ही वेगळी, कोर्टाने नेमायची व्यक्ती होती. मुंबई शहरात तिची ओळख १७२६ च्या सनदेने स्थापलेल्या मेयर्स कोर्टापासूनच झालेली होती. मुलूखभर मात्र हा प्रश्न सोडवला तो एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतील १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनने.

हे रेग्युलेशन मुळातून वाचण्याजोगे आहे. वारसाने कोर्टाची पायरी न चढताही मिळकतीची व्यवस्था हाती घ्यावी, अशी मोकळीक ते आरंभीच देते. देशी रिवाजाला त्याने धक्का लावला नाही. पण ऋणको पैसे देईना, कोणी हक्क मानीना, तर वारसाने अर्ज करावा. कोर्टाने जाहीरनामा काढून महिनाभर हरकतींची वाट पाहावी आणि मग दाखला द्यावा. पुढचे कलम सर्वांत महत्त्वाचे. या दाखल्याने मिळकतीवर कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. तूर्त कायदेशीर वहिवाट कोणाकडे आहे एवढेच तो दाखवतो. इतरांचे हक्क अबाधित राहतात. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालये आजही याच रेग्युलेशनखाली वारस दाखला देतात.

कायद्याने मालक आणि वहिवाटदार यांच्यात अशी स्वच्छ रेघ ओढली. समाजाने ती पुसली. त्याचा पुरावा सातबाऱ्यावर सापडतो. बाप वारला की अनेक घरांत थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागे आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.' ही अक्षरे येत: एकत्र कुटुंब मॅनेजर. नोंदीचा अर्थ सरळ होता, हा सर्वांच्या वतीने पाहणारा. पण एका पिढीनंतर अक्षरांचा अर्थ विसरला जातो आणि नाव तेवढे उरते. धाकट्या भावांच्या मुलांना मग आपण वारस आहोत हे कोर्टात सिद्ध करावे लागते.

बहिणींची गोष्ट याहून कठीण. नीळकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाने सतराव्या शतकात बहिणीला वारसांत स्थान दिले होते, आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी ते मानले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात मुलाबरोबर वाटा दिला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने तिला सहदायाद केले, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. ही अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत राहिली नाही. तरीही बहिणीचे नाव पुष्कळदा 'इतर हक्क' या रकान्यात गेले, आणि पुढे हक्कसोडपत्राने तेथूनही उतरले. साडीचोळी आणि माहेरची वाट यांच्या मोबदल्यात तिने जमीन सोडली. भावाची वहिवाट तिने मालकी म्हणून मान्य केली, कारण न मानण्याची किंमत माहेर ही होती.

म्हणून मृत्युपत्राविना गेलेल्याच्या मिळकतीचा इतिहास केवळ वारसाहक्काच्या कायद्यांतून लिहिता येणार नाही. हक्क कोणाला, हे कायदा सांगतो. किल्ल्या कोणाच्या कमरेला, हे घर ठरवते. १८२७ च्या त्या कलमातील 'तूर्त' हा शब्द पावणेदोनशेहून अधिक वर्षे कागदावर आहे. आपल्या घरांनी तो फार थोड्या वेळा वाचला.