तेरा वर्षांची अट आली कुठून?

अनेक संकेतस्थळे १३ वर्षांखालील मुलांना खाते उघडू देत नाहीत. हा आकडा बालमानसशास्त्रातून आला असावा, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो आला एका अमेरिकी कायद्यातून.

खेळ आणि बक्षिसे यांच्या आडून संकेतस्थळे मुलांकडून नाव-पत्ता काढून घेत. १९९८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मुलांसाठीची २१२ संकेतस्थळे तपासली. त्यांपैकी ८९ टक्के स्थळे मुलांची वैयक्तिक माहिती गोळा करत होती! त्याच वर्षी कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून लागू झाला. १३ वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायची तर आधी पालकांची संमती हवी. हा खटाटोप टाळण्यासाठी अनेक कंपन्यांनी लहानांना प्रवेशच नाकारला. मग मुले खोटे जन्मसाल सांगून आत शिरू लागली.

म्हणजे ही अट माहितीच्या व्यापाराला घातलेला बांध आहे. अनोळखी माणसाची फसवणूक किंवा धमक्या तिने थांबत नाहीत. भारताच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने ही रेषा १८ वर्षांवर आणली. पण 'मोबाईल काढून घेतील' या भीतीने गप्प बसलेल्या मुलाला कोणताही आकडा बोलते करणार नाही. न रागावता ऐकून घेणारे एक तरी मोठे माणूस घरात आणि शाळेत हवे.